पथ्याचा भार कोणी वाहावा?

आपल्या भाषेत ‘औषधपाणी’ आणि ‘पथ्यपाणी’ हे दोन शब्द जोडीने नांदत आले आहेत. जुना वैद्य पुडी देताना तिच्याबरोबर अनुपानही सांगत असे: ही मधातून घ्या, ती तुपातून, ही कोमट दुधाबरोबर. अनुपानावाचून दिलेली मात्रा त्याच्या लेखी अपुरी होती. पुढे रुग्णालये आली, औषधाला स्वतंत्र खिडकी मिळाली, आणि पथ्य मात्र केसपेपरच्या तळाशी एका ओळीपुरते उरले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य झाले. ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचे श्रेय देण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. परंतु ‘दूध, अंडी, डाळ, फळे घ्यावीत’ ही तळाची ओळ अजूनही रुग्णाच्याच खिशातून पुरी व्हावयाची असते. आजाराने जो आहार आवश्यक केला, त्याचा खर्च सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने उचलावा काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

असे प्रश्न मोघम चर्चेत सोपे वाटतात, म्हणून विचारासाठी एक गाव डोळ्यांसमोर ठेवणे बरे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. महादेवाच्या दर्शनाला येणारे आणि दर्ग्यावर जाणारे एकाच वाटेने चालतात, म्हणून या गावाचे नाव झाडीपट्टीत आदराने घेतले जाते. हा मुलूख धानाचा आहे. तलाव, बोड्या आणि इटियाडोहचे पाणी यांच्या आधाराने भात पिकतो, आणि धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोळी, जवस, हरभरा टाकण्याची इकडची जुनी रीत. ज्याला स्वतःची बांधी आहे, त्याच्या घरी भात असतो. पण दूध, अंडी, फळे ही भाताच्या पलीकडची गोष्ट, आणि तिच्यासाठी रोख पैसा लागतो. आषाढ-श्रावणात, रोवणीची मजुरी संपल्यावर, तो पैसा अनेक घरांत नसतो. केसपेपरच्या तळाची ओळ या घरात वाचली जाते तेव्हा तिचा अर्थ काय होतो, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. औषध हे आजाऱ्यालाच लागते. अन्न सर्वांना लागते. जे सर्वांनाच लागते, ते ज्याने त्याने आपल्या कष्टाने मिळवावे. दुर्बलांसाठी सरकारने रेशन ठेवलेच आहे. आरोग्य खात्याने स्वयंपाकघरात शिरू नये. हा युक्तिवाद वरवर सरळ आहे. परंतु सरकार स्वयंपाकघरात केव्हाच शिरलेले आहे, याचा त्याला विसर पडतो. याच झाडीपट्टीतील लाखोळीचे उदाहरण घ्या. दीर्घकाळ प्रामुख्याने ही डाळ खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा विकार जडू शकतो, या कारणाने १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. गरिबाच्या शेतातले फुकटचे प्रथिन बाजारातून काढून टाकताना सरकारला अन्न आणि आरोग्य यांचे नाते नेमके ठाऊक होते. मिठात आयोडीन असावे असे ठरविताना तेच ठाऊक होते. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात तर पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे ही राज्याची कर्तव्ये एकाच वाक्यात सांगितलेली आहेत. ताटातून काही काढून घ्यावयाचे तेव्हा अन्न हा आरोग्याचा विषय, आणि ताटात काही घालावयाचे तेव्हा तो घरगुती प्रश्न, ही विभागणी आम्हांस मान्य करता येत नाही.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या नावाने येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. त्याची कथा क्षयरोगाची आहे. औषधे निघण्यापूर्वी क्षयावर उपाय म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी. मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनऱ्यांनी उभारलेले आरोग्यधाम जुन्या वाचकांस आठवत असेल. मराठी कथा-कादंबऱ्यांतला नायक खोकू लागला की अशाच ठिकाणी रवाना होत असे. औषधे हाती आल्यावर १९५६ मध्ये मद्रास येथे एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून उत्तम आहारासह औषध दिले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच, घरच्या तुटपुंज्या अन्नावर, तेच औषध दिले. वर्षाअखेर दोन्ही गटांतील रुग्ण जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभर आरोग्यधामांची दारे बंद होऊ लागली, आणि गरिबालाही घरी राहून बरे होता येते हे सिद्ध झाले. हा मोठाच उपकार होता. पण त्याच निष्कर्षातून तिजोरीला सोयीचे असे एक अनुमान निघाले: औषध पुरे, आहाराचे सरकारने पाहण्याचे कारण नाही. पुढे सुमारे साठ वर्षे हे अनुमान टिकले.

त्याला धक्का दिला तो झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेल्या एका अभ्यासाने. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव या दांपत्याच्या नेतृत्वाखालील हे काम ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ व तिच्या भगिनी-पत्रिकेत प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा क्षय झालेल्या २,८०० रुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा देण्यात आला. यापैकी अर्ध्या भागातील घरांत रुग्णाबरोबर कुटुंबीयांनाही तांदूळ, डाळी आणि जीवनसत्त्वे मिळाली. उरलेल्या भागात शिधा फक्त रुग्णापुरता होता. दोन्ही मिळून दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांची पुढे नोंद ठेवली गेली. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोका पुष्कळच कमी होता.

मद्रासचा प्रयोग खोटा ठरला, असा याचा अर्थ नाही. मद्रासने विचारले होते की जंतू औषधाने मरतो काय, आणि उत्तर होकारार्थी आले. झारखंडात विचारले गेले की या घरात पुढचा रुग्ण निपजणार काय. आम्हांस या अभ्यासातील एक गोष्ट नैतिक दृष्ट्या फार बोधक वाटते. रुग्णासाठी दिलेला शिधा घरात वाटला जातो, ही सरकारी यंत्रणेची नित्याची तक्रार. तिच्या भाषेत त्याला ‘गळती’ म्हणतात. प्रतापगडच्या घरात दोन अंडी आली तर आई ती आजारी मुलाला आणि त्याच्या धाकट्या भावाला अर्धी-अर्धी देईल आणि स्वतः भाताची पेज पिऊन उठेल. हिशेबनीस याला गळती म्हणेल. परंतु ज्या वाटपाला आपण गैरवापर म्हणत होतो, तेच वाटप पुरेसे अन्न देऊन घडवून आणले तर अर्धा आजार टळतो, असे आता मोजमापाने दिसले आहे. चूल एक असताना ताट वेगळे करता येत नाही. मग योजना चुलीच्या हिशेबानेच आखावी लागेल.

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ पासून ‘निक्षय पोषण योजना’ सुरू केली. क्षयरुग्णाच्या बँक खात्यात उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये. म्हणजे आजाराने ठरविलेल्या आहाराचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा हे तत्त्व आपल्या देशाने मान्य केलेले आहे. आता वाद आहे तो मापाचा आणि रीतीचा. हजार रुपये म्हणजे दिवसाला तेहेतीस. त्यात रुग्णाची दोन अंडी आणि थोडे दूध बसेल. घरातील इतरांचे काय? त्यांच्यासाठी वाट दाखविली गेली ती दात्यांची. ९ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आरंभ झालेल्या अभियानात ‘निक्षय मित्र’ म्हणून कोणीही व्यक्ती वा संस्था रुग्णाला दत्तक घेऊन शिध्याची टोपली देऊ शकते, आणि २०२४ मध्ये ही सोय रुग्णाच्या कुटुंबीयांपर्यंत वाढविण्याचे जाहीर झाले.

येथे आमच्यासारख्या ख्रिस्ती वाचकांनी थोडे थांबावे. दवाखाने, कुष्ठधामे, अनाथगृहे चालविण्यात आपल्या धर्मभगिनींनी आयुष्ये वेचली आहेत. दानधर्माची थट्टा आमच्याकडून होणार नाही. परंतु दान आणि देणे यांतला फरक दात्यापेक्षा घेणाऱ्याला अधिक कळतो. औषधाची पुडी घेताना रुग्ण कोणाचे आभार मानीत नाही, त्याने मानू नयेतच. ती त्याच्या हक्काची आहे. शिध्याची टोपली घेताना मात्र त्याला दात्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढू द्यावे लागते, आणि ज्या रोगाचे नाव गावात लपवायचे तो रोग त्या छायाचित्रातून गावभर होतो. शिवाय दाता जेथे राहतो तेथे टोपली पोहोचते. शहरातील व्यापारी मंडळाच्या जवळच्या रुग्णाला ती मिळेल. जंगलाकाठच्या गावाला मिळेलच असे नाही. लोकांनी द्यावे, जरूर द्यावे, पण मूळ शिधा खात्याचा असावा आणि लोकांचे देणे त्याच्यावर असावे. आजचा क्रम उलटा आहे.

शुभवर्तमानात याईराच्या मुलीला प्रभूने उठविल्याचा प्रसंग आहे. त्यातला चमत्कार सर्वांच्या लक्षात राहतो. त्यानंतर तिला काहीतरी खायला द्या अशी जी साधी सूचना त्याने केली, ती सहसा प्रवचनात येत नाही. जीव परत आल्यावर त्याला भूक लागते, हे त्याला ठाऊक होते.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. सर्वच ‘विशेष आहार’ म्हणजे अधिक डाळ, अधिक दूध असे नसते. नॉर्वेच्या फॉलिंग या वैद्याने १९३४ मध्ये एक जन्मजात विकार ओळखला. त्याचे नाव फिनाइलकिटोन्यूरिया. या विकाराच्या बालकाला प्रथिनांतील एक घटक पचविता येत नाही. तो साचत जाऊन मेंदूला कायमची इजा करतो. १९५३ मध्ये इंग्लंडात बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घटक काढून टाकलेला आहार देऊन पाहिला आणि उपाय सापडला. हा आहार कोणत्याही चुलीवर शिजत नाही. तो कारखान्यात तयार झालेली भुकटी असतो, महाग असतो, आणि वर्षानुवर्षे लागतो. क्षयाच्या घरात जी डाळ आम्ही मागत होतो, तीच येथे मोजून-मापून दूर ठेवावी लागते. अशा बालकाच्या बाबतीत ‘अन्न की औषध’ हा वाद निरर्थक आहे. केवळ तो डबा औषधाच्या दुकानात न येता खाद्यपदार्थ म्हणून येतो, एवढ्या कारणाने त्याच्या बापाला तो स्वतः घ्या म्हणणे हा शब्दच्छल होय.

भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारविषयक धोरणात अशा विकारांचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रांत एका रुग्णासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये ठरली. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र. प्रतापगडहून मुंबई हजार किलोमीटरच्या आसपास आहे. आणि ठराविक रकमेची मर्यादा एखाद्या शस्त्रक्रियेला शोभते. जो आहार रोज सकाळी लागतो, तो रक्कम संपताच थांबविता येत नाही. गोवा सरकारने २००८ मध्ये नवजात बालकांची अशा विकारांसाठी तपासणी सुरू केली तेव्हा तिचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. मात्र तपासणीनंतर आयुष्यभराच्या आहाराची हमी नसेल, तर आपण आईबापांना बाळाच्या भविष्याची फक्त वार्ता देतो.

मग सीमा कोठे आखावी? मधुमेहाला पथ्य आहे, रक्तदाबाला आहे, पित्तालाही आहे. उद्या साखरविरहित लाडवांचे बिल कोणी आरोग्य खात्याकडे पाठवील, ही भीती अगदीच वायफळ नाही. इंग्लंडमध्ये हेच घडले. गव्हातील ग्लुटेन ज्यांना बाधते अशा सीलियाक रुग्णांना तेथे सरकारी चिठ्ठीवर पाव, बिस्किटे, केकचे पीठसुद्धा मिळू लागले. बाजारात तसे पदार्थ सर्रास येऊ लागल्यावर टीका झाली आणि २०१८ मध्ये ही यादी पाव व पिठापुरती आखडण्यात आली. आम्हांस या उदाहरणाने एक वेगळीच गोष्ट शिकविली. ज्या आजाराने इंग्लंडातला किंवा पंजाबातला माणूस रोजच्या भाकरीला मुकतो, त्याच आजाराचा प्रतापगडचा रुग्ण भात, तांदळाची भाकरी आणि तलावातले मासे खाऊन सुखाने जगू शकतो. त्याचे पथ्य त्याच्या बांधीत पिकते. म्हणजे ‘विशेष’पणा पदार्थात नसतो, रुग्णाच्या शरीराला काय हवे आणि त्याच्या गावात, त्याच्या ऐपतीत काय मिळते, या दोहोंतील अंतरात तो असतो. आरोग्यव्यवस्थेने ते अंतर भरून द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. मधुमेह्याला बहुधा काही खाऊ नको म्हणावे लागते, आणि न खाण्याला सहसा पैसे पडत नाहीत. तेथे तिजोरीने हात आखडता घ्यावा. डायलिसिसवर असलेल्या मजुराला मात्र प्रथिने वाढवा असे सांगितले जाते. तेथे यंत्राचा खर्च उचलून अंड्याचा नाकारणे हे शहाणपणाचे नव्हे.

जाता जाता एक नमूद करावेसे वाटते. ख्रिस्तसभेपुढेही हा प्रश्न वेदीवरच आला. ओस्ती गव्हाचीच हवी. मग सीलियाक असलेल्या भाविकाने कम्युनियन कसे घ्यावे? रोमने २००३ मध्ये, आणि पुन्हा २०१७ मध्ये, स्पष्ट केले की ग्लुटेन पूर्णपणे काढलेली ओस्ती चालणार नाही, अत्यल्प ग्लुटेनची चालेल, आणि तीही न सोसणाऱ्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घ्यावे. नियम राखला, आणि त्या एका माणसाला मेजावरून उठविले नाही.

सरसकट देण्यातही धोका असतो, आणि तो गोंदिया जिल्ह्याला जवळून लागू आहे. रक्तक्षयावर उपाय म्हणून रेशनचा तांदूळ पोषणसंवर्धित करण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. त्याआधीच्या प्रायोगिक योजनेत शेजारच्या गडचिरोलीची निवड झाली होती. शंभर दाण्यांत एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असलेला, किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. परंतु पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, आणि २०१८ च्या नियमांनुसार लोहयुक्त अन्नाच्या वेष्टनावर सिकलसेलच्या रुग्णांनी ते खाऊ नये अशी सूचना छापणे बंधनकारक होते. रेशन दुकानात धान्य पोत्यातून सुटे मोजले जाते. सूचना पोत्यावरच राहते. पुढे तज्ज्ञांच्या समितीने अशा तांदळाने अपाय होत असल्याचा पुरावा नाही असे सांगितले आणि जुलै २०२४ मध्ये ती सूचनाच काढण्यात आली. शास्त्रीय निर्णय योग्य असेलही. पण मधल्या काळात ज्याने हा तांदूळ दिला त्याने रुग्णाला विचारले नव्हते, आणि रुग्णापाशी दुसरा तांदूळ नव्हता. अन्नाला औषधाचे रूप देणाऱ्याने वैद्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. गावात सिकलसेलची लाल-पिवळी कार्डे वाटली जातात, तर ती रेशन दुकानातही वाचली जावीत.

व्यापाराचे भय उरतेच. २०१७ मध्ये महाराष्ट्रात तीव्र कुपोषित बालकांना शेंगदाणा, दूध भुकटी, तेल व साखर यांची तयार पाकिटे देण्याचे ठरले तेव्हा अन्नाधिकाराच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. जे अंगणवाडीत शिजू शकते ते कारखान्यातून का आणावे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण भूकच मेलेल्या, सुकलेल्या बालकाला दोन घासांत भरपूर शक्ती देणारे काहीतरी हवे असते, ही बालरोगतज्ज्ञांची बाजूही खोटी नव्हती. आमच्या मते कसोटी घरच्या आईच्या हाताची असावी. जे तिला करता येईल त्याचे सामान तिला द्यावे. जे तिला करता येणारच नाही तेवढेच पाकिटातून यावे, आणि ते कोणाला द्यायचे हे ठेकेदाराने नव्हे, तर वैद्याने ठरवावे.

आमच्या या सर्व प्रतिपादनात एक अडचण शिल्लक राहते, आणि ती सोडविल्याचा आव आम्ही आणीत नाही. प्रतापगडसारख्या गावात क्षयरुग्णाच्या घराला शिधा मिळू लागला, असे समजू. त्याच्या शेजारच्या घरात एक म्हातारी राहते. तिला कोणताही रोग नाही. थुंकीच्या तपासणीत काही निघत नाही. तिचे वजन मात्र रुग्णापेक्षाही कमी आहे. आरोग्य खात्याच्या वहीत तिला रकाना नाही. तिचा हक्क रेशनच्या दुकानावर आहे, आणि तेथे तिला दरमहा पाच किलो धान्य मिळते. डाळ नाही, तेल नाही. शेजारच्या घरी आलेली डाळ ती पाहते. आरोग्य खात्याने तिच्याकडे येण्यासाठी तिने आधी आजारी पडावे काय, असे तिने विचारले तर आशाताईने तिला काय सांगावे?